हालचाल कमी होत जाताना कुत्रा कोणत्या जातीचा घ्यावा? तुमचे अनुभव सांगा

मला आमवात आहे. बोटं, मनगटं आणि आता गुडघे. आमची लॅब्रॅडोर म्हातारी होऊन गेली, आणि कुत्र्याशिवाय मला करमत नाही. जातींच्या याद्या पुष्कळ वाचल्या. सगळीकडे एकच सल्ला: वय झालंय, लहान कुत्रा घ्या. माझा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही. आज मी काठीशिवाय चालते, पण आज आणलेलं पिल्लू बारा-चौदा वर्षं जगेल आणि तोवर मी कदाचित वॉकरवर असेन. म्हणजे कुत्रा पुढेही झेपायला हवा. कुत्रा घरात असताना ज्यांची किंवा ज्यांच्या माणसांची हालचाल बदलली, त्यांनी सविस्तर लिहा. काय जमलं, काय जड गेलं, पुन्हा निवडायचा झाला तर काय बघाल?

*

आमच्या बाबांना पार्किन्सन्स. आजार कळण्याआधीपासून त्यांच्याकडे जॅक रसेल टेरियर होता. सहा-सात किलोंचा, म्हणजे वजनाच्या हिशेबानं अगदी सोयीचा. पण ही जात बिळातला कोल्हा हुसकून काढायला घडवलेली आहे. थकणं, एका जागी बसणं तिच्या स्वभावात नाही. पार्किन्सन्समध्ये चालता चालता पाऊल जमिनीला चिकटतं, विशेषतः वळताना आणि दारातून जाताना. नेमका त्याच वेळी हा पायांत घुटमळायचा. मोठा कुत्रा ओढून पाडेल याची सगळ्यांना भीती असते, पण लहान कुत्रा दिसतच नाही, हा धोका फारसा कुणी बोलून दाखवत नाही.

आम्ही त्याला एकच गोष्ट पक्की शिकवली. बाबांनी खुर्चीच्या हातांवर हात टेकले की त्यानं आपल्या गादीवर जाऊन बसायचं आणि बोलावल्याशिवाय उठायचं नाही. प्रत्येक वेळी खाऊ. शिकायला वेळ लागला, पण त्यानंतर तो शेवटपर्यंत बाबांजवळच राहिला. नंतर आणली ती प्रौढ गोल्डन रिट्रीव्हर. ती मांडीच्या उंचीची आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसते आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला बाबांना वाकावं लागत नाही. पुन्हा निवडायची झाली तरी मी आधी उंची आणि स्वभाव बघेन, वजन नंतर.

*

मी व्हीलचेअर वापरतो. सोबत लॅब्रॅडोर आहे. रिट्रीव्हर म्हणजे मारलेला पक्षी दात न रुतवता शिकाऱ्याच्या हाती आणून देणारी जात. वस्तू तोंडात धरून माणसाकडे आणणं तिच्या रक्तातच आहे. त्यामुळे पडलेली किल्ली, मोबाइल, मोजा उचलून मांडीवर ठेवायला तो लवकर शिकला. कपाटाच्या मुठीला दोरी बांधली की दार ओढून उघडतो. अपंग व्यक्तींच्या रोजच्या कामांसाठी कुत्रे तयार करणारी 'कनाइन कम्पॅनियन्स' ही संस्था १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिथेही भर लॅब, गोल्डन आणि या दोघांच्या संकरावरच असतो. मात्र त्यांच्याकडचीही बरीच पिल्लं प्रशिक्षण पूर्ण करू शकत नाहीत. त्यामुळे नुसती जात बघून घेऊ नका, तो विशिष्ट कुत्रा बघा.

एक कळकळीची सूचना: पट्टा खुर्चीला कधीही बांधू नका आणि मनगटाला गुंडाळू नका. मांजर दिसलं की काय होईल, याची कल्पना करा. चाकाशेजारी चालणं शिकवताना सुरुवात थांबलेल्या खुर्चीपासून करा. पंजा आणि शेपूट चाकाखाली येऊ नयेत, एवढं अंतर त्याला आधी समजू द्या.

*

मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. काल चालले म्हणून आज चालेन असं नसतं. माझी निवड, शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड. ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटतं, पण ही जात दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढते, आणि माझ्या वाईट दिवशी फेरी छोटी झाली तरी घर डोक्यावर घेत नाही. केस आखूड, त्यामुळे विंचरण्याचे कष्ट जवळपास नाहीत. अट एकच. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे धावू शकणारं हे जनावर आहे आणि वेग घ्यायला त्याला काही पावलंच लागतात. ज्या दिवशी तोल बरा नसतो त्या दिवशी पट्टा माझ्या हातात नसतो, भाऊ फिरवतो.

*

आईकडे डॅक्सहुंड आहे. गोड आहे, पण लांब पाठीमुळे या जातीत मणक्याच्या चकतीचे आजार खूप. उड्या मारू द्यायच्या नाहीत, म्हणजे सोफ्यावर उचलून ठेवायचं, आणि आईला वाकणंच जमत नाही. रॅम्प केला तेव्हा दोघींची सोय झाली.

*

मी कुत्र्यांना प्रशिक्षण देते. वर कुणी लिहिलेलं नाही, पण माझ्याकडे येणारे बरेच जण 'आधाराला टेकता येईल असा मोठा कुत्रा' मागतात, म्हणून लिहिते. कुत्रा म्हणजे काठी नव्हे. मोठ्या जातींची हाडं पूर्ण वाढायला दीड ते दोन वर्षं लागतात. त्याआधी त्याच्यावर भार टाकला तर त्याचेच सांधे कायमचे बिघडतील. पूर्ण वाढ झाल्यावरही खुबे आणि कोपरांचे एक्स-रे काढून पशुवैद्यानं होकार द्यायला हवा, कारण लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड या तिन्ही जातींत खुब्याचा दोष आढळतो. पडल्यावर कुत्र्याला धरून उठायचं नाही, कधीच नाही. त्यानं फोन आणून द्यावा किंवा घरच्यांना बोलवावं, हे त्याला शिकवता येतं.

ताई, तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: पिल्लू नको. लॅबचं पिल्लू दोन-तीन वर्षं नुसता दंगा असतो. तीन ते पाच वर्षांचा, स्वभाव ठरलेला कुत्रा बघा. कॅव्हलियर किंग चार्ल्स कुणी सुचवला तर स्वभाव लाख मोलाचा आहे, पण त्या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार आढळतो, तेव्हा हृदय तपासल्याशिवाय घेऊ नका. पूडल हुशार, केस कमी गाळणारा, पण त्याचे केस सतत विंचरावे आणि कापावे लागतात. तुमच्या बोटांना ते सोसणार नाही. हार्नेसही, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, बारीक बकलांचा नको. डोक्यावरून घालायचा आणि एकाच मोठ्या क्लिपचा घ्या. पुढच्या बाजूला, छातीवर कडी असेल तर ओढ खूप कमी होते.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. उंचीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. चार वर्षांची एक लॅब-गोल्डन संकर कुत्री आहे, तिचे मालक परदेशी चालले आहेत. पुढच्या आठवड्यात तिला भेटायला जाणार आहे. बहिणीचा वॉकर सोबत नेईन आणि तो सरकवत तिच्याजवळून चालून बघेन: बिचकते का, आडवी येते का, पट्टा ओढते का. मी दवाखान्यात दाखल झाले तर तिला कोण सांभाळेल, हे भाच्याशी बोलून ठेवलंय. त्यानं लेखी दिलंय. भेटीत आणखी काय तपासून घेऊ?