मालदीवच्या बेटावर पोहोचण्याचा दिवस: मुंबईपासूनचा तुमचा अनुभव सांगा

येत्या फेब्रुवारीत आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्ताने आम्ही भावंडे दोघांना मालदीवच्या एका बेटावर घेऊन जाणार आहोत. तिथल्या खोल्या, जेवण आणि निळे पाणी यांविषयी भरपूर वाचून झाले. परंतु पहाटे घराबाहेर पडल्यापासून बेटावर पाऊल ठेवेपर्यंतच्या दिवसाबद्दल मात्र कोणी फारसे लिहीत नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे मला नेमकी त्याच दिवसाची काळजी वाटते. ज्यांनी मुंबईहून माले आणि तिथून पुढे सीप्लेनने प्रवास केला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

दादर

तुमची काळजी मला पूर्ण समजते, कारण दोन वर्षांपूर्वी मी माझ्या ७२ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन गेले होते. मुंबईच्या टर्मिनल २ वर व्हीलचेअर आधीच नोंदवून ठेवली होती, त्यामुळे मालेपर्यंतचा जवळजवळ तीन तासांचा प्रवास काहीही त्रास न होता पार पडला. खरी परीक्षा होती ती सीप्लेनमध्ये चढण्याची. हे विमान, म्हणजे ट्विन ऑटर, चाकांऐवजी दोन लांबट पोकळ फ्लोटवर पाण्यात तरंगत असते. लाकडी धक्क्यावरून त्याच्या मागच्या दारापर्यंत चार-पाच अरुंद पायऱ्या असतात आणि आत छत इतके ठेंगणे असते की वाकूनच जागेपर्यंत जावे लागते. कर्मचाऱ्याने हात दिला, मी मागून आधार दिला आणि सासूबाई एकेक पायरी थांबत थांबत चढल्या. कोणीही घाई केली नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. आत स्वच्छतागृह नसते, म्हणून टर्मिनलवरच जाऊन यावे. विमान सुटेपर्यंत आत चांगलेच उकडते आणि इंजिनाच्या पंख्यांचा आवाज प्रचंड असतो, त्यामुळे कानात घालायला दिलेले बोळे अवश्य घालावेत. आमचे विमान वाटेत आणखी एका बेटावर उतरले. आपले बेट आले असे समजून सासूबाई उठू लागल्या होत्या, तेव्हा हेही त्यांना आधी सांगून ठेवा.

एक गोष्ट मात्र बुकिंग करतानाच रिसॉर्टला विचारा: विमान थेट बेटाच्या धक्क्याला लागते, की समुद्रातल्या तरंगत्या तराफ्यावर उतरवून तिथून होडीने नेतात? आमच्या बाबतीत दुसरा प्रकार होता, आणि हलत्या तराफ्यावरून हलत्या होडीत पाय टाकणे हे विमानाच्या पायऱ्यांपेक्षा कठीण गेले. आधी कळले असते, तर आम्ही दुसरे बेट निवडले असते.

ठाणे

विमानाची वेळ निवडताना सूर्यास्ताचा विचार सर्वांत आधी करा. सीप्लेनचे वैमानिक डोळ्यांनी पाणी पाहून उतरतात, त्यामुळे ही विमाने केवळ दिवसाउजेडी उडतात आणि मालेला साधारण दुपारी साडेतीनच्या आत पोहोचले नाही, तर त्या दिवशी जागा मिळण्याची खात्री राहत नाही. आमच्या प्रवास-सल्लागाराने हे सांगितलेच नाही आणि स्वस्त म्हणून संध्याकाळी पोहोचणारे तिकीट काढून दिले. परिणामी पहिली रात्र आम्हाला विमानतळाजवळच्या हुळुमाले बेटावर हॉटेल शोधून काढावी लागली, आणि रिसॉर्टच्या त्या रात्रीचे पैसे भरलेले असूनही ते परत मिळाले नाहीत. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. दिवसभर विमानाचे स्वप्न पाहून ती रडत झोपली, याचे मला आजही वाईट वाटते. मालेचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते, तेवढा हिशेब मांडून सकाळचेच विमान घ्या, थोडे महाग पडले तरीही.

डोंबिवली

सामानाबद्दल थोडक्यात लिहितो. मुंबईहून येताना चालते तेवढे वजन सीप्लेनला चालत नाही. आम्हाला माणशी २० किलोंची बॅग आणि हातातले ५ किलो एवढीच मुभा होती, आणि जास्तीच्या प्रत्येक किलोचे पैसे डॉलरमध्ये भरावे लागले. लाडू-चिवड्याचे डबे बेताने घ्या. औषधे मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा, कारण गर्दीच्या दिवशी काही बॅगा मागून येणाऱ्या विमानाने येतात.

मुलुंड

भारतीय पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंतचा व्हिसा तिथे पोहोचल्यावर विनाशुल्क मिळतो. त्यासाठी ‘इमुगा’ हा प्रवासी अर्ज प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन भरावा लागतो. आई-बाबांचे अर्ज तुम्हीच भरून त्यांची छापील प्रत सोबत ठेवा.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मद्य आणि डुकराचे मांस यांप्रमाणेच पूजेच्या मूर्ती देशात आणण्यालाही तिथे मनाई आहे. माझ्या आईच्या पर्समध्ये चांदीचा छोटा गणपती नेहमी असतो, आणि निघण्याच्या आदल्या रात्री हा नियम वाचल्यावर तिला तो देव्हाऱ्यात ठेवायला सांगणे मला फार जड गेले. तिने तो शांतपणे ठेवला, शेजारच्या काकूंना रोज फूल वाहायला सांगितले आणि प्रवासभर अथर्वशीर्ष मनातल्या मनात म्हटले. तुमच्या आईशी हे निघायच्या घाईत नव्हे, तर आठवडाभर आधी बोला.

गिरगाव

डिसेंबर २०१७ मध्ये आमच्या चौपाटीसमोर सीप्लेनचे प्रात्यक्षिक झाले होते, तेव्हा माझे वडील कठड्याशी उभे राहून ते पाहत होते. त्या पाण्यावरून उडणे त्यांच्या मनात राहून गेले होते. म्हणून पुढे मालदीवला जाताना, स्पीडबोटीने जाता येईल असे बेट उपलब्ध असूनही, आम्ही मुद्दाम दूरचे बेट घेतले.

वैमानिक अनवाणी होते, याचे वडिलांना फार अप्रूप वाटले. विमानाने पाणी सोडले आणि पाच मिनिटांत खाली एकामागून एक कंकणद्वीपे दिसू लागली: मध्ये फिकट हिरवे उथळ पाणी, भोवती प्रवाळाची पांढरी कड आणि तिच्याबाहेर एकदम गडद होत गेलेला समुद्र. कंकणद्वीपासाठीचा ‘अ‍ॅटोल’ हा शब्द मुळात तिथल्या धिवेही भाषेतूनच जगभर गेलेला आहे. वडिलांनी ३० वर्षे शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर अशी कंकणे शेकडो वेळा काढली आणि वयाच्या ६८ व्या वर्षी ती पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. आवाजामुळे बोलता येत नव्हते. ते नुसते माझा हात धरून बोटाने दाखवत राहिले.

या विमानात जागा आधी ठरवून दिलेल्या नसतात आणि एका बाजूला एकेक, तर दुसऱ्या बाजूला दोन-दोन आसने असतात. तेव्हा आई-बाबांना रांगेत पुढे ठेवा आणि दोघांनाही खिडकी मिळेल असे पाहा, एकामागोमाग एक बसावे लागले तरी चालेल.