फायर ब्रिगेडची नोटीस, एजन्सी म्हणते १२ लाख लागतील. अर्जंट मदत हवी

घाईतला_सेक्रेटरी:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीला फायर ब्रिगेडची नोटीस आलीये, आग विझवायची सिस्टम बंद आहे आणि फॉर्म बी दिलेला नाही असं लिहिलंय. एजीएमला मी नाही नाही म्हणत असताना सगळ्यांनी मला सेक्रेटरी करून टाकलं त्यामुळे आता सगळं माझ्याच गळ्यात. एक एजन्सीवाला येऊन गेला, अख्खी पाइपलाइन बदला म्हणतो, १२ लाखांचं कोटेशन देऊन गेलाय आणि वर सही लवकर करा नाहीतर पाणी-लाइट कापतील अशी भीती. आमची बिल्डिंग जुनी आहे, तेव्हा असले कायदेच नव्हते, मग आम्हाला लागू कसे? रविवारी मीटिंग आहे, पटकन सांगा.

भांडुपकर:
जुनी म्हणजे कधीची? किती मजली? मुंबई का ठाणे का पुणे? नोटीस कुठल्या कलमाखाली आहे? काहीच लिहिलं नाहीत तर काय डोंबल सांगणार.

चिवडा_लाडू:
आधी घराघरातल्या गॅसच्या नळ्या तपासा हो. आमच्याकडे शेजारच्या काकूंची नळी १० वर्षं जुनी निघाली, नळीवर तारीख छापलेली असते, ५ वर्षांनी बदलायची असते. लोकांना पत्ताच नसतो.

घाईतला_सेक्रेटरी:
मुंबईच, उपनगर. बिल्डिंग १९८७ ची, तळ अधिक ९. कलम ६ लिहिलंय. गॅसचं विचारलं नाहीये ताई.

निवृत्त_अभियंता:
२००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, अंमल डिसेंबर २००८ पासून. बिल्डिंग आधीची आहे म्हणून सुटका नाही. कलम ३ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं मालकाचं किंवा ताबा असणाऱ्याचं काम, म्हणजे तुमच्याकडे सोसायटीचं. ती चालू असल्याचा दाखला लायसन्सवाल्या एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा, तोच फॉर्म बी. नवीन यंत्रणा बसवल्यावर मिळतो तो फॉर्म ए. कलम ६ म्हणजे दुरुस्त करा असा आदेश, पाणी-लाइट तोडणं कलम ८ मध्ये येतं. तोडता येतं हे खरं, पण त्या एजन्सीवाल्याच्या सांगण्यावरून उद्या सकाळी कुणी तोडायला येत नाही. नोटिशीत मुदत किती दिलीये?

पार्लेश्वर:
अहो कशाला पैसे घालताय, १९८७ ची बिल्डिंग म्हणजे रीडेव्हलपमेंटला द्या सरळ. आम्ही दिली, आता दोन लिफ्ट, स्प्रिंकलर, सगळं बिल्डरच्या खर्चाने.

भांडुपकर:
पार्लेश्वर तुमचं प्रत्येक धाग्यावर हेच असतं, परवा कुणी ढेकणांवर औषध विचारलं तिथेही रीडेव्हलपमेंट. बिल्डर मिळून घरं रिकामी होईपर्यंत आग थांबणारे का? आणि उंच टॉवर म्हणजे सेफ असंही नाही, ताडदेवला जानेवारी २०२२ मध्ये आग लागली ती २० मजली होती.

पार्लेश्वर:
मी फक्त पर्याय सांगितला. राग कसला.

पंपवाला_नाना:
मी याच लाइनीत आहे, जाहिरात करत नाही. सेक्रेटरीसाहेब, एजन्सीवाल्याने लाइनला प्रेशर देऊन बघितलं का नुसतं खालून बघून आकडा टाकला? जुन्या बिल्डिंगमध्ये टाकी, पंप, उभा पाइप ठीक असतो आणि बिघाड भलतीकडेच असतो. मजल्यावरचा होज बॉक्स (आगीच्या पाइपाची पेटी) उघडा, आत पाइपाऐवजी केरसुणी आणि गणपतीची माळ मिळेल. पितळी नोझल कधीच भंगारात गेलेलं असतं. लँडिंग व्हॉल्व्हवर, म्हणजे पाइप जोडायच्या मजल्यावरच्या नळावर, पेंटरने ऑइलपेंट फासून तो चिकटवून टाकलेला असतो. पंपाचा स्विच ऑटोवर नसून बंदच असतो कारण कुणाला तरी आवाजाचा त्रास होतो. हे सगळं १२ लाखांचं काम नाही. जमिनीखालून गेलेला तुकडा मात्र सडलेला असू शकतो, तो बदलावा लागतो.

घाईतला_सेक्रेटरी:
नाही, प्रेशर वगैरे काही केलं नाही, मोबाइलवर फोटो काढले आणि गेला. स्विच बंद आहे हे खरंय, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार होती. मुदत ३० दिवस लिहिलीये.

निवृत्त_अभियंता:
मुदत पहिल्याच पोस्टमध्ये लिहायची ना. मग असं करा, बिल्डिंगच्या मूळ फाइलमध्ये मंजूर प्लॅन आणि तेव्हाचं फायरचं पत्र असेल ते काढा, काय बसवायला सांगितलं होतं ते त्यात कळेल. मग आणखी दोन एजन्सींकडून लेखी तपासणी करून घ्या, लायसन्स नंबर राज्याच्या अग्निशमन संचालनालयाच्या यादीत पडताळा. काम सुरू केल्याची वर्क ऑर्डर जोडून फायर स्टेशनला लेखी मुदतवाढ मागा, पोच घ्या. तोंडी बोलू नका.

सातासमुद्रापार:
इथे लंडनला २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला तेव्हापासून क्लॅडिंगवरून (भिंतींना बाहेरून लावलेलं आवरण) अजून भांडणं चालू आहेत, फ्लॅट विकता येत नाहीत लोकांना. तुमच्याकडे क्लॅडिंग आहे का?

भांडुपकर:
१९८७ च्या बिल्डिंगला क्लॅडिंग? डिस्टेंपर आहे हो आमच्याकडे.

रुपाली_के:
पैशांचं कुणी बोललंच नाही. दुरुस्ती निधी बघा, सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे (बाय-लॉज) बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के दरवर्षी जमा व्हायला हवा. कमिटीच्या मर्यादेपेक्षा खर्च जास्त असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल, तेव्हा रविवारची मीटिंग कमिटीची आहे का सभा, हे आधी स्पष्ट करा, नाहीतर कुणीतरी रजिस्ट्रारकडे जाईल. आमच्याकडे गेला होता एक. आणि सभेत फक्त पंपाचं बोलू नका. जिन्यातली चपलांची कपाटं, जुन्या गाद्या, सायकली कोण काढणार ते ठरवा. २०१८ ला परळच्या आगीत जिने धुराने भरले होते, तेव्हा १० वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावलं, तिला नंतर राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.

पंपवाला_नाना:
मीटर रूमपण बघा ताई म्हणतात त्यात. वायरिंगच्या डक्टला (वायरी वर नेणारी उभी पोकळी) मजल्यामजल्यावर स्लॅबच्या जागी सील नसेल तर खालचा धूर थेट नवव्यावर. गोरेगावला ऑक्टोबर २०२३ मध्ये पार्किंगमधल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला होता. तुमच्या पार्किंगमध्ये काय आहे?

घाईतला_सेक्रेटरी:
एकाचं कुरिअरचं सामान असतं. बोललो की भांडायला येतो. बरं, रविवारी कमिटीच आहे, मग सभेची नोटीस काढतो. नाना, प्रेशर टेस्टचा साधारण खर्च किती येतो?

पंपवाला_नाना:
लाइन न बघता आकडा कसा सांगू, मग मीही त्या फोटोवाल्यासारखाच की. कुठल्याही एजन्सीला तपासणीचे पैसे वेगळे लिहायला लावा, कामात धरू देऊ नका. आणि टेस्टच्या दिवशी आजोबांना आधीच सांगून ठेवा.

मनीमाऊ२२:
पुण्यातल्या सोसायटीलाही जानेवारी-जुलैच का? आमच्या चेअरमनना फॉर्म बी म्हणजे लिफ्टचा वाटतो.