मदत हवी आहे: पश्चात्ताप न करणाऱ्या भावाला क्षमा कशी करावी?

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. वडिलांच्या पश्चात थोरल्या भावाने घराच्या वाटणीत माझी फसवणूक केली आणि आज ४ वर्षांनंतरही त्याला त्याचे काहीच वाटत नाही. रोज रात्री येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना, आपणही इतरांना क्षमा करतो असे सांगणाऱ्या ओळीतील ‘ऋण्यांस’ (आपले देणे लागणाऱ्यांना, म्हणजे अपराध्यांना) या शब्दापाशी माझा आवाज अडतो आणि पुढचे शब्द मुलगी एकटीच म्हणते. बायबलमधील मत्तय १८:२२ मध्ये येशू सातांच्या सत्तर वेळा क्षमा करण्यास सांगतो. लूक १७:३ मध्ये मात्र भावाने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, असे म्हणतो. मनातील कटुता सोडणे वेगळे आणि तुटलेले नाते जोडणे वेगळे, असे मला वाटते. पण ही माझी पळवाट तर नाही ना? ज्यांनी अशी क्षमा प्रत्यक्षात केली आहे, त्यांनी सुरुवात कशी केली, हे कृपया लिहावे.