अमेरिकन एल्म की स्लिपरी एल्म? ओळख आणि बियांपासून रोपं

ओहायोकर
कुंपणाच्या कडेला एल्मचं रोप आपोआप उगवलंय, 2 मीटर उंच. पान 10 सेंमी, कडा दुहेरी दातेरी, देठापाशी एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली. वरून हात फिरवला तर खरखरीत लागतं, म्हणजे स्लिपरी एल्म का? जवळच्या मोठ्या झाडाखाली मे महिन्यात पंखवाल्या बियांच्या चकत्यांचा सडा पडतो. त्या पेरल्या तर उगवतील? आणि डच एल्म रोग (एल्म वाळवणारी बुरशी) असताना हा खटाटोप करावा का?

सालपापुद्रा
खरखरीवर जाऊ नका. जोमात वाढणाऱ्या कोवळ्या अमेरिकन एल्मची पानंही वरून पॉलिशपेपरसारखी लागतात. सायबेरियन एल्म मात्र बाद. त्याचं पान लहान, दाते बहुधा एकेरी, देठापाशी दोन्ही बाजू जवळपास सारख्या.

पानगळीनंतर डहाळीवरचे डोळे (पुढच्या कोंबांच्या कळ्या) बघा. अमेरिकनचे तपकिरी, जवळपास गुळगुळीत. स्लिपरीचे काळपट आणि वर गंजाच्या रंगाची लव. डहाळीची आतली साल चावलीत तर स्लिपरीची भेंडीसारखी बुळबुळीत होते.

मोठ्या झाडाचा निकाल चकतीच देईल. अमेरिकनची 1 सेंमीच्या आसपास, लांब लोंबत्या देठावर, काठाला पांढऱ्या लवेची झालर. स्लिपरीची मोठी, देठ आखूड, लव फक्त मधल्या बीवर आणि काठ कोरा. (आपल्या वावळ्याची चकती पाहिली असेल तर ओळखीची वाटेल, एकाच कुळातली झाडं.)

कुंडीभर_माती
उगवतील, पण उन्हाळाभर पाकिटात ठेवलेत तर नाही. साध्या तापमानाला बी काही आठवड्यांत मरतं. चकत्या गळायला लागल्या की वेचा आणि मधला भाग बोटांनी दाबून बघा. टणक, फुगीर लागला तर भरलेली. झाड एकटंच असेल तर बहुतेक पोकळ निघतील, कारण स्वतःच्या परागावर बी क्वचितच भरतं.

पंख काढायची गरज नाही. ओलसर, निचऱ्याच्या मातीत पेरून वर जेमतेम 5 मिमी थर द्या. साधारण 6 ते 12 दिवसांत कोंब दिसतात. काही बिया पुढच्या वसंतापर्यंत थांबतात, तेव्हा ट्रे लगेच रिकामा करू नका. पाणी साचलं तर रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. खरी पानं (पहिल्या दोन बीजपानांनंतरची) फुटली की खोल कुंडीत हलवा, नाहीतर मुळं गोल गोल फिरत बसतात.

काटछाट
रोगाबद्दल स्पष्ट सांगतो. 1930 मध्ये अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तो ओहायोतच. जंगली बियांच्या रोपात प्रतिकारशक्ती असेलच असं नाही, आणि प्रतिकारक झाडाच्या बियांतूनही ती हमखास उतरत नाही. एकच झाड लावायचं असेल तर 'प्रिन्स्टन', 'व्हॅली फोर्ज' किंवा 'जेफरसन' या प्रतिकारक वाणांपैकी एकाचं कलम घ्या. हीही रोगापासून पूर्ण सुटलेली नाहीत, फक्त टिकून राहण्याची शक्यता जास्त. 'व्हॅली फोर्ज' लहानपणी फार पसरतं, त्याला दरवर्षी वळण लावावं लागतं.

छाटणी हिवाळ्यातच. एप्रिल ते ऑगस्टमधल्या ताज्या जखमेच्या वासावर सालीतले भुंगेरे येतात आणि बुरशी आणतात. ऐन उन्हाळ्यात एखादीच फांदी पिवळी पडून सुकली तर साल सोलून बघा. पांढऱ्या लाकडात तपकिरी रेघा दिसल्या तर शेवटच्या रेघेपासून निदान 2 ते 3 मीटर मागे निरोगी लाकडात कापा. कापलेलं लाकूड सालीसकट रचून ठेवू नका, भुंगेरे तिथेच अंडी घालतात.

ओहायोकर
काल एक चकती भिंगाखाली धरली. काठाला झालर आहे.

सालपापुद्रा
मग मोठं झाड अमेरिकनच. कुंपणाकडच्या रोपाचा निकाल डोळे दिसल्यावर.