मदत हवी आहे: डोनेपेझिलचा डोस वाढवल्यावर आईला भयानक स्वप्ने, नाडी ४८

आम्ही डिचोलीचे. आई ७६ वर्षांची, दोन महिन्यांपूर्वी अल्झायमरचे निदान झाले. सुरुवातीला डोनेपेझिल (विसरण्यावरची गोळी) ५ मिग्रॅ, रात्री झोपताना. थोडी मळमळ, दोनतीनदा पोट बिघडले, पेजेवर निभावले. पंधरा दिवसांपूर्वी १० केले आणि घरादाराची झोप उडाली.

रात्री दोन-अडीचला ओरडत उठते. "फेरी सुटली, पोरां पलीकडे राहिली!" तिचे माहेर दिवाडी बेटावरचे, म्हणून फेरीबोट. आपण घरात आहोत हे सकाळपर्यंत तिला पटत नाही. मला वाटले आजारच वाढला. शेजारची काकी म्हणाली, देवाला गाऱ्हाणे घाला. तेही घातले.

शुक्रवारी मात्र देवघरातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, पडता पडता वाचली. बीपीच्या मशीनवर नाडी ४८! बीपीसाठी एटेनोलॉल कित्येक वर्षे चालू आहे, ते आमचे फॅमिली डॉक्टर देतात. विसरण्यावरची गोळी दुसऱ्या डॉक्टरांची, त्यांची तारीख तीन आठवड्यांनी. गोळी सकाळी देऊन कुणाला फरक पडला का? ब्राह्मीचे सल्ले नकोत, ते घरात पुरेसे आहेत.

प्रतिसाद १:
स्वप्ने राहू द्या, आधी नाडी बघा. डोनेपेझिलने नाडी मंदावते, एटेनोलॉलनेही. दोन्ही एकत्र आली की चक्कर, पडणे. तीन आठवडे थांबू नका, आजच डॉक्टरांना गाठून ईसीजी काढा, सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. पुन्हा अंधारी आली तर सरळ १०८. आमच्या बाबांची गोळी डॉक्टरांनी सकाळवर आणली, आठवडाभराने स्वप्ने कमी झाली. एका रात्रीत फरक दिसत नाही, अर्धे औषध अंगातून जायलाच साधारण ७० तास लागतात. मनाने बंद मात्र करू नका. आणि वारंवार लघवी होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन वगैरे चालू आहे का? ते डोनेपेझिलच्या उलट काम करते.

धागाकर्ती:
आहे हो! गेल्याच महिन्यात सुरू झाले, तिसऱ्याच डॉक्टरांकडून. लघवीची घाई डोनेपेझिलनेही होऊ शकते, हे आज कळले. म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी. ईसीजी झाला. एटेनोलॉल बदलले, डोनेपेझिल परत ५ वर, तेही सकाळी. लघवीची गोळी बंद. आज नाडी ५८ आहे. स्वप्ने अजून पडतात.