सामाजिक शास्त्रांतील संशोधनाचा दर्जा कशावरून ठरवावा?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर): नोकरीतील ५० टक्के रिक्त जागा मागासवर्गीयांसाठी राखणाऱ्या शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या हुकुमाची अंमलबजावणी मी मोडी कागदांतून शोधते आहे. वर्षभरात एकही निबंध छापून आला नाही, तर काम कमी दर्जाचे ठरते का?

उत्तर १: मुळीच नाही, ताई. जुन्या कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) उघडून, फिकट शाईतली, शिरोरेघेवर सलग धावणारी अक्षरे लावता लावता दिवस मावळतो, आणि त्याच वाचनावर पुढचे संशोधक विसंबतात. निबंधांच्या संख्येत हे कष्ट दिसत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर २: तरीही छापणे टाळू नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केल्यामुळे नियतकालिक आपणच पारखायचे आहे. तिथे तज्ज्ञांकडून परीक्षण खरोखर होते का, ते आधी पाहा.

उत्तर ३: निबंधासोबत मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतरही जोडा.