मदत हवी आहे: वडलांना कोर्टाचं समन्स आलंय, वकील लावावा की दंड भरून मोकळं व्हावं?

बदनापूरकर
अर्जंट आहे. वडलांना ट्रॅफिकच्या केसचं समन्स आलंय. पुढच्या आठवड्यात तारीख आहे. गावातल्या एकानं वकील सुचवला, तो सात हजार म्हणायलाय. दंड हजार-दोन हजाराच्या वर जाणार नाही असं सगळे सांगतेत. मग दंडापेक्षा वकील महाग पडत असल तर लावायचा कशाला? ज्यांनी स्वतः असं प्रकरण निपटलंय त्यांनीच सांगा, अंदाज नकोत.

समृद्धीस्वार
काही वकील-बिकील लागत नाही. महाट्रॅफिकच्या साइटवर गाडी नंबर टाका, चलान दिसेल, यूपीआयनं भरा. दोन मिनिटांचं काम. मी समृद्धीवर १२० च्या वर गेलो होतो, मेसेज आला तसा भरून टाकला.

बदनापूरकर
भाऊ, ई-चलान नाही हो. कोर्टाचा शिक्का असलेला कागद आहे, पोलीस घरी येऊन सही घेऊन गेले. साइटवर काहीच दिसत नाही, आधीच बघितलं.

गोदाकाठ
दादा, समन्सवर कलम काय लिहिलंय? गाडी कोणती? आणि झालं काय होतं नेमकं? एवढं कळल्याशिवाय कोणीच नीट सांगू शकणार नाही.

बदनापूरकर
बोलेरो पिकअप. मोसंबी घेऊन जाधववाडी मार्केटला चालले होते पहाटे. जालना रोडवर दुभाजकातला कट लांब होता म्हणून थोडं अंतर उलट्या बाजूनं गेले, तिथं पकडलं. कोणाला धक्का नाही, काही नाही. कागदावर ‘मोवाका १८४’ (मोटार वाहन कायदा, कलम १८४) एवढंच आहे. आता सांगा, वकील हवा का नको?

शिस्तप्रिय
थोडं अंतर म्हणजे काय? माझा मावसभाऊ बीड बायपासला असाच गेला. समोरून उलट्या बाजूनं लाइट न लावलेली गाडी आली, त्याला सावरायला जागाच मिळाली नाही. तुमचे वडील वयस्कर असतील, कष्टाळू असतील, त्याबद्दल आदरच आहे. पण वकील लावून सुटायचं कसं हे विचारण्याआधी पहाटेच्या अंधारात भरलेली पिकअप उलट्या बाजूनं चालवणं किती भयंकर आहे ते घरात बसून बोला.

बदनापूरकर
भावाबद्दल ऐकून वाईट वाटलं. अण्णांना घरात सगळ्यांनी बोलून झालंय, आईनं तर दोन दिवस अबोला धरला होता. पण तारीख तोंडावर आलीय, त्याचं काय करू ते सांगा ना.

जुना_टेम्पोवाला
मी नांदेड-हैदराबाद लाइनला आयुष्य काढलं. ऐका माझं. सकाळी साडेदहाला कोर्टात जायचं, नाव पुकारलं की हात जोडून उभं राहायचं, ‘साहेब, चूक झाली, कबूल आहे’ म्हणायचं. साहेब दंड ठोठावतात, नाझरकडे भरायचा, पावती घ्यायची, दुपारी घरी. वकील लावला की तारखा सुरू. एका कामाच्या दहा खेपा. डिझेल जातं, दिवस जातो. सात हजार कशाला घालवता?

हिंगोली_हळद
त्याआधी हे बघा की अण्णांकडे पिकअपचं लायसन आहे का. मालवाहू गाडीला ट्रान्सपोर्टचं वेगळं लागतं. ते नसल तर अजून एक कलम वाढल.

जुना_टेम्पोवाला
आता लागत नाही. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिलाय. साडेसात हजार किलोच्या आतलं मालवाहू वाहन एलएमव्हीच्या, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसनवर चालतं.

हिंगोली_हळद
आमच्या इथला एजंट तर लागतंच म्हणतो.

जुना_टेम्पोवाला
एजंट म्हणणारच, त्याचं पोट त्याच्यावर आहे.

बदनापूरकर
अहो, लायसनचा विषयच नाही. अण्णांचं लायसन व्यवस्थित आहे, मुदत बाकी आहे. वकिलाचं बोला.

काळा_कोट_धाराशिव
मी वकिली करतो, म्हणून आधीच सांगतो, माझ्याकडे या असं मी म्हणत नाहीये. पण ‘चूक कबूल म्हणा आणि सुटा’ हा सल्ला सरसकट देऊ नका.

१८४ म्हणजे धोकादायक रीतीनं वाहन चालवणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात उलट दिशेनं गाडी चालवणं स्पष्ट शब्दांत घातलंय. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कैदेचं वाचून घाबरू नका, अपघात नसलेल्या पहिल्या प्रकरणात दंडावरच भागतं असा माझा अनुभव आहे. पण हा गुन्हा पोलिसांना तडजोड शुल्क घेऊन रस्त्यावर मिटवता येत नाही. कलम २०० मध्ये १८४ मधला फक्त मोबाईल हातात धरण्याचा भाग तडजोडीला ठेवलाय. म्हणून तुमचं प्रकरण कोर्टात आलंय.

तीन गोष्टी सांगा. एक, अण्णांना याआधी १८४ खाली कोर्टात शिक्षा झालीय का? दुसऱ्यांदा त्याच कलमात दोषी ठरले तर खास कारण नोंदवल्याशिवाय कोर्टाला लायसन अपात्र करावंच लागतं. दोन, कागदावर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) कुठं आहे का? तीन, मूळ लायसन आत्ता कुठं आहे?

बदनापूरकर
२८१ नाही, दोनदा वाचलं. लायसन पोलिसांनी त्याच दिवशी ठेवून घेतलं की. पावती दिलीय. आधी कोर्टात कधी गेले नाहीत. २०२३ ला मोबाईलवर बोलताना चलान आलं होतं, ते मीच ऑनलाइन भरलं होतं.

गोदाकाठ
लायसन जमा आहे हे आत्ता सांगताय होय दादा! मग सगळं गणितच बदललं.

काळा_कोट_धाराशिव
ताई बरोबर बोलतायत. आता नीट वाचा.

तुमच्यापुढे दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत. कोर्टातलं दंडाचं, त्याची तुम्हाला काळजी लागलीय. दुसरं आरटीओतलं, त्याची काळजी करायला हवी. १८४ मध्ये पोलीस लायसन जप्त करून कलम २०६(४) प्रमाणे आरटीओकडे पाठवतात. तिथं कलम १९ खाली सुनावणी होते. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांसाठी अपात्र करता येतं आणि दुसऱ्याला लायसन रद्दच. पण त्याच कलमात ‘म्हणणं ऐकून सोडून देता येईल’ असंही आहे. म्हणणं मांडलंच नाही तर अधिकारी कशाच्या आधारावर सोडतील?

तीन महिने अण्णा गाडीवर बसले नाहीत तर तुमचं किती नुकसान होईल ते काढा. मग सात हजार महाग की स्वस्त ते ठरवा.

बदनापूरकर
मोसंबीच्या आंबे बहाराची तोडणी आता तोंडावर आहे. गाडी अण्णाच चालवतात, मला चालवता येत नाही. आमच्यासोबत आजूबाजूच्या चार-पाच शेतकऱ्यांचा माल त्याच गाडीत जातो. तीन महिने म्हणजे पूर्ण बहार गेला. ड्रायव्हर ठेवायचा म्हणलं तर रोजचा पगार, वर जेवण.

हे त्या वकिलानं मला सांगितलंच नाही. तो नुसता ‘दंडाचं बघतो’ म्हणाला.

काळा_कोट_धाराशिव
तुम्ही त्यांना लायसनचं सांगितलं होतं का?

बदनापूरकर
नाही. त्यांनी विचारलं नाही.

समृद्धीस्वार
लोकअदालतीत टाका हो. आमच्या मित्राची चलानं निम्म्यात मिटली. डिसेंबरला आहेच की राष्ट्रीय लोकअदालत.

गोदाकाठ
मी विधी सेवा प्राधिकरणात स्वयंसेविका म्हणून काम करते, म्हणून सांगते. लोकअदालतीत तडजोडयोग्य प्रकरणंच घेता येतात. वर वकील साहेबांनी सांगितलंय की उलट दिशेचं १८४ तडजोडयोग्य नाही. आणि ‘निम्मं माफ’ असा काही कायदा नाही, ज्या त्या वेळी ठरतं. तुमच्या मित्राची साधी चलानं असणार. लोकांना तसं सांगू नका, मग ते तारीख चुकवतात आणि घरी वॉरंट येतं.

समृद्धीस्वार
मी मदतच करतोय ताई. समृद्धीचं मात्र सांगतो, कारला १२० आहे म्हणून सगळ्यांना १२० नाही, पिकअप नेणार असाल तर बोर्ड बघा.

बदनापूरकर
आम्ही समृद्धीनं जातच नाही.

जुना_टेम्पोवाला
लायसन जमा झालंय हे आधी सांगितलं असतं तर मीही वेगळं बोललो असतो. तरी माझं म्हणणं हेच की कोर्टात वकील नको. आरटीओत लागला तर बघा. कोर्टात कबूल करा, विषय संपवा.

काळा_कोट_धाराशिव
काका, तुमचा अनुभव खोटा नाही. पण कोर्टात कबूल केलं की दोषसिद्धी नोंदली जाते. आरटीओची सुनावणी बाकी असताना आधी कबुली द्यायची का, हा विचार करूनच पाऊल टाकायला हवं. माझा सल्ला असा, पहिल्या तारखेला अण्णांनी हजर राहावं आणि वकील लावायला मुदत मागावी. तेवढ्यात आरटीओला लेखी म्हणणं द्यावं. मग कबुलीचं ठरवा.

जुना_टेम्पोवाला
म्हणजे तारखा वाढल्याच ना.

काळा_कोट_धाराशिव
एखाददुसरी वाढेल. त्या बदल्यात बहार वाचत असेल तर?

हिंगोली_हळद
मोबाईलचं जुनं चलान पण १८४ मध्येच येतं ना? मग हा दुसरा गुन्हा झाला की.

काळा_कोट_धाराशिव
चांगला मुद्दा काढलात. ते चलान तडजोड शुल्क भरून मिटलंय, कोर्टात दोषी ठरवलेलं नाही. तडजोड ही दोषसिद्धी नव्हे, हीच बाजू मांडायची. पण आरटीओच्या रेकॉर्डला ते दिसणार. म्हणून त्या भरण्याची पावती काढून ठेवा आणि म्हणणं अनुभवी माणसाकडून लिहून घ्या. माझ्या मते सात हजारांची खरी गरज इथं आहे. जो वकील दोन्हीकडे बघेल त्याला द्या. नुसतं दंडापुरतं उभं राहायला एवढे देऊ नका.

गोदाकाठ
दादा, पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. अण्णांचा आधार, समन्सची झेरॉक्स आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. फोनवर आधी विचारायचं असेल तर १५१०० ला लावा.

बदनापूरकर
फुकटचा वकील मनापासून काम करतो का पण? राग मानू नका ताई, विचारतोय.

गोदाकाठ
राग कशाचा. मी ज्यांच्यासोबत काम करते ते करतात. तुम्ही कागद नीट नेलेत, लपवाछपवी केली नाही, तर काम होतं. आत्ता जसं एकेक गोष्ट विचारून काढावी लागली तसं तिथं करू नका. सगळं एका कागदावर लिहून न्या.

आणि ती पोलिसांची पावती बघा. २०६(४) खाली लायसन घेतलं असेल तर लायसन परत मिळेपर्यंत तिच्यावर अण्णांना गाडी चालवता येत नाही. तिच्यात मुदतीची तारीख टाकलीय का तेही बघा.

बदनापूरकर
काढली पावती. अण्णांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली होती, घामानं ओली होऊन घडीवर शाई फुटलीय. तारखेचा आकडा १५ आहे की २५ तेच कळंना. अण्णा २५ म्हणतेत. मला १५ वाटतंय. १५ असल तर परवा संपतीय.

काळा_कोट_धाराशिव
तारीख १५ असो की २५, त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. लायसन परत मिळेपर्यंत अण्णांनी गाडीला हात लावायचा नाही. उद्याच पावती घेऊन पोलिसांकडे जा, तारीख विचारा, लायसन आरटीओला कधी पाठवलं तेही विचारा आणि जावक क्रमांक लिहून घ्या.

शिस्तप्रिय
आधी मी कडक बोललो. तरी म्हणण्यात एक गोष्ट जरूर लिहा, की परत असं होणार नाही आणि ते मनापासून लिहा. अधिकाऱ्यासमोर ‘कट लांब होता’ हे कारण म्हणून सांगू नका. ज्यानं घरातलं माणूस गमावलंय त्याला ते कारण ऐकवत नाही.

बदनापूरकर
लिहितो. अण्णाही तेच म्हणाले, की बहाणा सांगायचा नाही.

बदनापूरकर
अपडेट देतोय. तारीख १५ च होती. पिकअप सध्या शेजारचा मुलगा चालवतोय, त्याच्याकडे लायसन आहे, खात्री केलीय. विधी सेवेत गेलो, उत्पन्न तीन लाखांच्या आतच बसतं, वकील मिळाले. त्यांनी पहिला प्रश्न लायसनचाच विचारला. कोर्टात अण्णा हजर झाले, पुढची तारीख मिळाली. आरटीओत लेखी म्हणणं दिलं, आमच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. गाडी चालवताना आतापर्यंत एकही अपघात नाही, घर याच्यावर चालतं, परत असं करणार नाही, असं तीन मुद्द्यांत लिहिलंय. मोबाईलच्या चलानाची पावतीही जोडली. सुनावणीला बोलावतील म्हणाले.

सात हजारवाल्यांना नाही कळवलं.

काळा_कोट_धाराशिव
उत्तम केलंत. शिक्क्याची प्रत जपून ठेवा, मूळ प्रत कोणाला देऊ नका. आदेश विरोधात गेला तर मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं, ते दिवस बसून घालवू नका.

हिंगोली_हळद
साहेब, माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे, माझी स्कूटी चालवताना धरलाय. गाडी माझ्या नावावर. मला वकील लागल का?

काळा_कोट_धाराशिव
लागेल. त्याला कलम १९९अ आहे, पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. इथं नको, वेगळा धागा काढा. आणि त्यात आधी लिहा की स्कूटी त्यानं तुमच्या परवानगीनं नेली होती का.

बदनापूरकर
ताई, अजून एक. आईच्या नावानं एक जुनी जमिनीची केस आहे, तिला तर उत्पन्नाची अटच नाही म्हणलात ना? तिच्यासाठी पण तोच अर्ज चालतो का?

गोदाकाठ
हो दादा, अर्ज तोच. आईंची सही लागेल, त्यांनाच सोबत घेऊन या.